छोट्या घराचा खर्च उतरवायचा असेल तर सुरुवात आपल्या खात्यापासून करा: महसूल मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य

प्रत: नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक, पुणे, जिल्हाधिकारी, पुणे

सप्रेम नमस्कार.

सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याच वर्षात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (बँकांना ती ज्या दराने कर्ज देते तो) साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आणला. मे २०२५ मध्ये आपल्या सरकारने कृत्रिम वाळूचे धोरण मंजूर केले आणि प्रतिब्रास (१०० घनफूट) ६०० रुपयांचे स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, पात्र उत्पादकांसाठी २०० रुपये केले. तेव्हापासून पुणे परिसरात गुंठा-दीड गुंठा घेऊन ठेवलेले लोक आम्हाला एकच विचारत आहेत: बांधकामाचे दर उतरणार का, आणि त्यासाठी थांबावे का?

आम्ही छोट्या घरांची अंदाजपत्रके करणारे, स्लॅब टाकून देणारे, साइटवर मोजमापे घेणारे लोक आहोत. या प्रश्नाचे उत्तर रोज द्यावे लागते, आणि चुकीचे दिले तर एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची शिल्लक अर्ध्या भिंतींवर अडकते. आमचे प्रामाणिक उत्तर असे आहे की मालाच्या दराची वाट पाहून घर स्वस्त होणार नाही. खर्चाचा जो भाग एका शासन निर्णयाने खरोखर खाली येऊ शकतो, तो आपल्या खात्याकडे आहे: मुद्रांक शुल्क, रेडी रेकनर (जागेच्या सरकारी मूल्याचा तक्ता), गौण खनिज (वाळू, खडी, माती). म्हणून हे पत्र आपल्याला.

आधी हिशेब मांडतो. दर रोज हलतात, त्यामुळे आकडे गोल धरले आहेत. १,००० चौरस फुटांचे तळमजला अधिक एक असे आरसीसी घर घ्या. विथ मटेरियल, म्हणजे मालासकट, २,२०० रुपये चौरस फूट धरले तर २२ लाख होतात. त्याला सिमेंट लागते ४०० ते ४५० गोणी, स्टील सुमारे ४ टन, क्रश सँड (दगड फोडून केलेली कृत्रिम वाळू) १८ ब्रास, खडी १३ ते १४ ब्रास. मजुरी, म्हणजे खोदाईपासून सेंट्रिंग, बार बेंडिंग, वीटकाम, गिलावा, फरशी आणि रंगापर्यंत सगळी धरून, साडेसहा लाखांच्या आसपास जाते. बाकी पैसा विटा किंवा ब्लॉक, फरशी, खिडक्या-दरवाजे, वायरिंग, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग यांत जातो.

आता सवलती लावून पाहू. ३६० रुपयांची सिमेंटची गोणी नव्या जीएसटीने ३३२ च्या आसपास यायला हवी, म्हणजे गोणीमागे २८ रुपये. ४२५ गोण्यांवर झाले १२,००० रुपये. स्टील किलोमागे ५ रुपयांनी उतरले असे धरले तर ४ टनांवर २०,००० वाचतात. क्रश सँडवरची ४०० रुपयांची स्वामित्वधन सवलत पूर्णपणे मालकापर्यंत पोहोचली असे मानले तर १८ ब्रासवर ७,२०० रुपये. तिन्ही मिळून ३९,२००. आणि मजुरी एका वर्षात १० टक्क्यांनी वाढली तर ६५,००० रुपये जादा. सगळ्या चांगल्या बातम्या एकत्र करूनही घर महागच होते. स्वस्ताई आली तरी ती माल या खात्यात येते. मजुरी मात्र मागे येत नाही, आणि यावी असेही आम्ही म्हणणार नाही. उन्हात डोक्यावर घमेले वाहणाऱ्या बिगाऱ्याच्या रोजंदारीतून कोणाचे घर स्वस्त व्हायला नको.

सिमेंटच्या कपातीचा तर मोठा भाग वाटेतच विरतो. आज दुमजली घराचा स्लॅबही आरएमसीने, म्हणजे प्लँटमधून तयार येणाऱ्या काँक्रीटने, पडतो. आरएमसीवर जीएसटी आधीही १८ टक्के होता आणि आजही १८ टक्केच आहे. प्लँटवाल्याला सिमेंटवर भरलेल्या कराची वजावट मिळत होती, त्यामुळे २८ टक्के हा त्याचा खर्च कधी नव्हताच. मग तो दर कशाला कमी करील? फायदा होतो तो फक्त साइटवर फोडलेल्या गोणीचा: वीटकाम, गिलावा, फरशीखालचा माल. उंच इमारतीतल्या फ्लॅटमागे अशा गोण्या १५० धरल्या तर ४,२०० रुपये सुटतात. त्याच बांधकाम चालू असलेल्या ६० लाखांच्या फ्लॅटवर पुणे महापालिका हद्दीत घेणारा ७ टक्क्यांनी ४ लाख २० हजार मुद्रांक शुल्क, ३० हजार नोंदणी फी आणि ५ टक्क्यांनी ३ लाख जीएसटी भरतो. साडेसात लाख! खरेदी महिलेच्या नावावर असेल तर एक टक्का कमी, एवढाच दिलासा.

स्टीलबद्दल लोकांना २०२२ आठवते. मे २०२२ मध्ये केंद्राने निर्यात शुल्क लावले आणि चढलेले दर काही आठवड्यांत खाली आले. नोव्हेंबरमध्ये ते शुल्क काढले. धोरणाने दर हलतो हे त्यातून दिसले. पण ज्याचा करार आधीच्या दराने झाला होता त्याच्या हातात काहीच पडले नाही, कारण छोट्या ठेकेदारांच्या करारात दरफरकाचे कलम नसते. मालकाने ते लिहून घ्यावे: स्टीलचा मूळ दर किती धरला, आणि ५ टक्क्यांपलीकडे वर किंवा खाली गेला तर फरक कोणाचा. वजनही मोजून घ्यावे. मिमीमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे मीटरमागचे किलो. ८ मिमीला ०.३९५, १२ मिमीला ०.८८८, १६ मिमीला १.५८. भारतीय मानकाप्रमाणे ८ आणि १० मिमीला ७ टक्के, १२ ते १६ मिमीला ५ टक्के फरक चालतो. त्याहून हलका बार आला तर ठरलेल्या नगांत कमी लोखंड बसते, आणि ड्रॉइंगवरचा कॉलम साइटवर उभाच राहत नाही.

आता आपल्या खात्याबद्दलच्या तक्रारी.

पहिली रेडी रेकनरची. १ एप्रिल २०२५ पासून पुणे महापालिका क्षेत्रात सरासरी ४.१६ टक्के आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ६.६९ टक्के वाढ झाली. ३० लाख सरकारी मूल्याचा प्लॉट ४.१६ टक्क्यांनी १,२४,८०० रुपयांनी वाढला, आणि त्यावर ७ टक्क्यांनी ८,७३६ रुपये जादा शुल्क लागले. दीड महिन्यानंतर आलेल्या वाळू धोरणाने त्याच घराला जास्तीत जास्त ७,२०० रुपये दिले असते. म्हणजे एका हाताने जेवढे दिले त्याहून अधिक दुसऱ्या हाताने आधीच घेतले होते, आणि दोन्ही हात महसूल खात्याचेच.

मुद्रांक शुल्क हा या वाढीचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग महापालिका आणि पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) चलनांत असतो. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत जिना आणि बाल्कनीही चटई क्षेत्रात मोजली जाते. त्यासाठी लागणारा अ‍ॅन्सिलरी एफएसआय (मूळ प्रमाणावरचे जादा बांधकाम क्षेत्र) विकत घ्यावा लागतो, आणि त्याचे अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, जमिनीच्या रेकनर दरावर ठरते. एका गुंठ्यावर, म्हणजे १,०८९ चौरस फुटांवर, मूळ १.१ एफएसआयने, म्हणजे प्लॉटच्या १.१ पट, १,१९८ चौरस फूट मिळतात. दोन भावांच्या कुटुंबाला १,५०० हवे असतील तर वरच्या ३०२ चौरस फुटांचे अधिमूल्य भरा. विकास शुल्कही रेकनरशी बांधलेले. म्हणजे आपण तक्त्यात एक आकडा बदलता आणि नकाशा मंजुरीच्या चलनातल्या रेकनरशी बांधलेल्या ओळी आपोआप वाढतात. त्या वाढीवर कुठेही चर्चा होत नाही, सूचना-हरकती होत नाहीत.

दर उतरतील का, या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. समजा एखाद्या भागात बाजार खरोखर उतरला आणि प्लॉट रेकनरपेक्षा १५ टक्के कमी दराने विकायला मालक तयार झाला. तरीही शुल्क रेकनरच्या मूल्यावरच लागते. शिवाय फरक १० टक्क्यांपेक्षा जास्त असल्यामुळे आयकराच्या नियमाने विकणाऱ्याचा भांडवली नफा सरकारी मूल्य धरून मोजला जातो, आणि घेणाऱ्याला तोच फरक उत्पन्न म्हणून लागू शकतो. इतका कर डोक्यावर घेऊन कोण कमी दराने विकेल? तक्ता अशा रीतीने बाजाराला खालून आधार देतो. सप्टेंबर २०२० मध्ये महामारी चालू असताना मुंबईचा सरासरी दर थोडा खाली आणला गेला, आणि पुणे जिल्ह्याचा मात्र ३.९१ टक्क्यांनी वाढवला गेला. दर कमी करता येतो हे खात्यानेच दाखवले आहे. पुण्याच्या वाट्याला ते आले नाही.

तक्त्यातले मूल्यविभाग पाहावेत ही आणखी एक विनंती. एकाच विभागात २४ मीटर रस्त्यावरचे दुकान येते आणि आतल्या कच्च्या बोळातला, टँकरवर जगणारा प्लॉटही येतो. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, पण त्यातल्या अनेक ठिकाणी आजही नळाला पाणी नाही. दर शहराचा आणि पाणी टँकरचे, हा भार बांधणाऱ्यावर दोनदा पडतो.

दुसरी तक्रार गौण खनिजाची, आणि इथे आम्ही थोडे सविस्तर लिहितो, कारण घराची ताकद इथेच ठरते.

नदीची वाळू पुण्यातल्या बहुतेक साइटवरून गेली, क्रश सँड आली. हे चांगलेच झाले. पण साइटवर येणारी प्रत्येक करडी वाळू कृत्रिम वाळू नसते. व्हीएसआय क्रशरमधून (दाण्याला आकार देणारे यंत्र) काढलेल्या, धुतलेल्या वाळूचे दाणे गोलसर-घनाकार असतात. साध्या क्रशरखाली पडलेली कच, म्हणजे दगडाचा चुरा, चाळून तीही क्रश सँड म्हणून विकली जाते. तिचे दाणे चपटे असतात आणि पूड जास्त. मानकात ७५ मायक्रॉनखालची पूड कमाल १५ टक्के चालते. त्यापेक्षा जास्त झाली की माल पाणी ओढतो, मिस्त्री हाताने पाणी वाढवतो आणि काँक्रीटची ताकद तिथेच उतरते. गिलाव्यात हीच पूड आली की महिन्याभरात केसासारख्या भेगा दिसू लागतात. मालकाला वाटते रंग खराब लागला.

मोजमापाचा घोळ वेगळाच. ब्रास म्हणजे १०० घनफूट. डंपरच्या हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजून गुणाकाराला १०० ने भागायचे. पण ओली वाळू फुगते. पाच टक्के ओलाव्यावर घनफळ पाव हिश्शाने वाढलेले असू शकते, म्हणजे चार ब्रास म्हणून घेतलेला माल वाळल्यावर जेमतेम सव्वातीन ब्रास भरतो. वजनावर विक्री झाली तर हा खेळ बराच आवरेल, कारण ओलाव्याने वजन तेवढ्याच टक्क्यांनी वाढते. ब्रासला ढोबळ मानाने साडेचार टन धरता येतात आणि वजनकाटे सगळीकडे आहेत. महाखनिज या सरकारी ऑनलाइन प्रणालीत वाहतूक पास आधीच निघतो. त्याच पासवर क्रशरचे नाव, वजन आणि वाळूचा प्रकार, म्हणजे काँक्रीटची की गिलाव्याची, एवढे तीन रकाने छापायला नवा कायदा लागत नाही.

स्वामित्वधनाची ४०० रुपयांची सवलत क्रशरला मिळते, बिलात ती दिसत नाही. खाणीवरचा दर आणि साइटवरचा दर यांच्यात डिझेल, टोल आणि मधले दोन हात असतात. सवलत नेमकी कुठे थांबली हे आज कोणालाच सांगता येत नाही. आणि खाणी अचानक बंद झाल्या, मग कारण पर्यावरण परवानगीचे असो, थकबाकीचे असो वा संपाचे, की आठवड्यात दर चढतो. स्लॅबचे स्टील बांधून तयार असते, प्लेटा आणि जॅकचे भाडे रोज चालू असते, पावसात उघड्या सळ्यांवर गंज चढतो. खाण सुरू झाल्यावर दर आधीच्या पातळीवर उतरत नाही, ही आमची नेहमीची नोंद आहे. कारवाई जरूर व्हावी. पण ती करताना त्या तालुक्यात पर्यायी पुरवठा कुठून होईल हे त्याच दिवशी जाहीर व्हावे.

पायाच्या मातीबद्दल एक स्पष्टता हवी. पुण्याच्याच बांधकाम व्यावसायिकांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०१४ रोजी निकाल दिला. पायासाठी खोदलेली माती त्याच जागेत भरावाला वापरली तर ती गौण खनिज ठरत नाही, असा त्याचा अर्थ. तरीही छोट्या घराच्या मालकाकडे या मातीची रॉयल्टी पावती मागितल्याची उदाहरणे घडतात. चार फूट खड्ड्यांतली माती प्लिंथमध्येच जाते. माणूस घाबरतो आणि भरून मोकळा होतो.

आपण विचाराल, लाख-दोन लाखांनी एवढा काय फरक पडतो? फरक असा पडतो की सरकारी देणे कमी करता येत नाही, जागेचा पैसा आधीच गेलेला असतो, म्हणून मालक जिथे हात पोहोचतो तिथे कापतो. तो हात पोहोचतो सांगाड्यापर्यंत. पुणे २०१६ च्या भूकंप मानकात तिसऱ्या क्षेत्रात आहे. त्या क्षेत्राला लागू असलेल्या सांगाड्याच्या मानकाप्रमाणे कॉलमची किमान बाजू ३०० मिमी हवी, तर छोट्या घरांत आजही भिंतीत लपावेत म्हणून २३० मिमीचे कॉलम टाकले जातात. रिंगांचे हूक १३५ अंशांत आत वळवायचे असतात. ९० अंशांत सोडले तर काम लवकर उरकते, आणि हादऱ्यात रिंग उघडते. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस पाणी मारायचे असते. टँकरचा खर्च नको म्हणून चौथ्या दिवशी बंद होते. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस ठेवायचे असतात. भाडे वाचवायला ते आधी निघतात आणि स्लॅब मधोमध बसतो. हडपसर-मांजरीकडच्या काळ्या मातीत कठीण मुरूम लागेपर्यंत खाली जायचे, तर पाच फुटांवर पीसीसी (सळईविना काँक्रीटचा थर) करून फुटिंग, म्हणजे कॉलमचा पाया, बसवले जाते. दुसऱ्याच पावसाळ्यात भिंतीला तिरकी भेग जाते. हे सगळे अज्ञानातून होते असे नाही. अनेकदा मालकाला माहीत असते, फक्त पैसे संपलेले असतात.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत.

स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या पहिल्या घराला ६० चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंत, किंवा स्वतःच्या घरासाठी घेतलेल्या १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला मुद्रांक शुल्क ३ टक्के करावे, आणि ते कायमचे. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये आपल्याच राज्याने शुल्कात तीन टक्क्यांची कपात केली होती. मुदतीची सवलत दिली की कार्यालयांत रांगा लागतात आणि विकणाऱ्याला दर धरून ठेवायला कारण मिळते. कायमच्या सवलतीत ती घाई उरत नाही. शुल्क घेणारा स्वतः भरतो, त्यामुळे ही कपात मध्ये कुठे अडकणार नाही. वरच्या ३० लाखांच्या प्लॉटवर ती १ लाख २० हजार रुपये होते. सिमेंट, स्टील आणि वाळूची सगळी बचत मिळून जेवढी होते त्याच्या तिप्पट.

पुढच्या तक्त्यांचा मसुदा विभागवार प्रसिद्ध करून ३० दिवस हरकती घ्याव्यात. ज्या विभागात वर्षभरातले नोंदलेले व्यवहार तक्त्यापेक्षा खाली आहेत तिथे दर खाली आणावा. व्यवहारांची माहिती आपल्याच कार्यालयांत आहे. नळाचे पाणी न पोहोचलेल्या समाविष्ट गावांचा वेगळा मूल्यविभाग करावा.

१५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरील स्वतःच्या घरासाठी अधिमूल्य आणि विकास शुल्क अर्जाच्या तारखेच्या रेकनरवर गोठवावे. मार्चमध्ये दिलेली फाइल एप्रिलमध्ये उघडली म्हणून मालकाने वाढीव दर का भरावा? हे नगरविकास खात्याच्या संमतीने करावे लागेल हे आम्ही जाणतो. रेकनर आपला आहे, म्हणून पुढाकार आपण घ्यावा.

वाळू आणि खडीची विक्री वजनावर करावी, पासवर वर सांगितलेले तीन रकाने यावेत, आणि सवलतीचे स्वामित्वधन बिलात वेगळे दाखवणे बंधनकारक व्हावे. त्याच जागेत वापरलेल्या पायाच्या मातीबद्दल प्रत्येक तहसील कार्यालयात लावता येईल असे एक पानी परिपत्रक काढावे.

पुणे जिल्ह्यासाठी दर तीन महिन्यांनी आठ बाबींचे प्रत्यक्ष दर तालुकावार जाहीर करावेत: सिमेंट गोणी, एफई ५००डी प्रतीचे स्टील, क्रश सँड, २० मिमी खडी, वीट किंवा एएसी (हलका सच्छिद्र) ब्लॉक, मिस्त्रीची आणि बिगाऱ्याची रोजंदारी, पाण्याचा टँकर. अधिकृत आकडा नसल्यामुळे आज ठेकेदार म्हणेल तो दर आणि शेजारी म्हणेल ती अफवा. हा तक्ता असेल तर करारात दरफरक त्यालाच जोडता येईल.

एक विषय आपल्या खात्याबाहेरचा, पण मंत्रिमंडळात आपण आहात म्हणून. परवडणाऱ्या घरासाठी एक टक्का जीएसटीची ४५ लाखांची मर्यादा एप्रिल २०१९ पासून तशीच आहे. ४५ लाखांच्या घराला ४५ हजार कर, आणि ४६ लाखांच्या घराला २ लाख ३० हजार. जीएसटी परिषदेत महाराष्ट्राने ही मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव मांडावा.

या पत्रातला प्रत्येक हिशेब आम्ही आपल्या अधिकाऱ्यांसमोर, मोजमाप वहीसकट मांडायला तयार आहोत. नोंदणी महानिरीक्षकांचे कार्यालय पुण्यातच आहे. पुढच्या तक्त्यांचे काम सुरू होण्याआधी तिथे एक बैठक बोलवावी आणि छोटी घरे बांधणाऱ्यांना त्या टेबलावर जागा द्यावी. तारीख कळवल्यास आम्ही हजर राहू.

आपले,
पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात छोटी घरे बांधणारे अभियंते, ठेकेदार आणि सुपरवायझर